पायांचे म्हणणे

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडी 'मी' हा शब्द सहसा येत नाही. वर्गात 'हम' म्हणायचे, घरात 'हम' म्हणायचे, मग मराठीत लिहायला बसले की हातून 'आम्ही' उमटते. यात मोठेपणाचा भाग नाही, जिभेला लागलेले वळण आहे. तेवढे समजून घेऊन वाचकांनी पुढे वाचावे. सांगायचे आहे ते एका सायकलीविषयी, आणि ती सायकल सोडण्याविषयी.

आमचे घर मिरजेत, शाळा सांगलीत. मधले अंतर नऊ-दहा किलोमीटर. रस्ता कृष्णाकाठच्या सपाटीचा, चढ म्हणावा असा नाही. बी.एड. करून नोकरीला लागलो त्या दिवसापासून आम्ही सायकलने जात होतो. सहकारी विचारायचे, "सर, गाडी कधी घेणार?" आम्ही हसून वेळ मारून नेत असू. खरे कारण असे की आमचे सारे शिक्षणच सायकलीवर झालेले. अब्बांचे सायकलचे दुकान. आम्ही लहान होतो तेव्हा तेथे तासावर सायकली भाड्याने मिळत. तासाला दोन रुपये. वहीत नाव आणि वेळ लिहायची, परत आल्यावर घड्याळ बघायचे. आमची पहिली आकडेमोड त्या वहीत झाली. पुढे घरोघर मोटारसायकली आल्या आणि भाड्याचा धंदा बसला. पंक्चर काढणे, चाकाचा आउट काढणे, हबमधले छर्रे बदलणे एवढे काम उरले. त्यावर अब्बांनी आम्हा भावंडांना शिकवले. अशा घरातल्या मुलाने सायकल सोडायची म्हणजे कुंभाराच्या मुलाने मातीला हात न लावण्यासारखे.

२०१९ साली आमची कंबर दुखू लागली. दिवसभर फळ्यासमोर उभे राहायचे आणि येता-जाता हँडलवर वाकायचे. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडे ठीक आहेत, वाकणे कमी करा, म्हणाले. आम्ही हँडल वर घेतले, सीट बदलली. थोडा फरक पडला. पुढे २०२० ची टाळेबंदी आली. शाळा मोबाईलवर भरू लागली, दुकानाचे शटर खाली. त्या रिकाम्या दिवसांत भाच्याने मोबाईलवर एक चित्र दाखवले. माणूस आरामखुर्चीत रेलावा तसा रेललेला आहे, पाय समोर लांब केलेले, पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे, आणि तो चक्क रस्त्यावरून चालला आहे. या प्रकाराला रिकम्बंट सायकल म्हणतात. विकत आणायची तर परदेशातून, आणि किंमत लाखांच्या घरात. अब्बांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर केला, चित्र मोठे करून पाहिले आणि म्हणाले, "ये तो बन सकती."

त्याच दिवसांत, ३ जून २०२० ला, ॲटलस सायकलचा साहिबाबादचा कारखाना बंद झाल्याची बातमी आली. तो जागतिक सायकल दिन होता. अब्बांना ती बातमी फार लागली. त्यांच्या निम्म्या आयुष्यातून ॲटलस गेली होती. दुकानाच्या माळ्यावर ॲटलसच्या दोन जुन्या फ्रेमा पडून होत्या. त्या खाली उतरल्या. शेजारच्या गल्लीत एक वेल्डिंगवाले चाचा आहेत, अब्बांचे जुने दोस्त. दोघे मिळून कामाला लागले. मिरजेला हे नवे नाही. इथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. हत्यारांची मागणी सरली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले आणि मिरजेच्या सतारीने देशभर नाव कमावले. एक काम गेले तर त्याच हातांनी दुसरे करायचे, ही या गावाची रीत आहे.

सायकल बनायला पाच महिने लागले. पुढचे चाक लहान, वीस इंची. मागचे नेहमीचे. पायडल एवढे लांब असल्यामुळे एक चेन पुरेना. तीन चेना तोडून-जोडून एक लांबलचक चेन केली आणि ती मध्ये लोंबू नये म्हणून खाली एक कप्पी बसवली. सीटसाठी लोखंडी सांगाडा आणि त्यावर खाटेची नवार. वजन भरले पंचवीस किलो. गल्लीतल्या पोरांनी तिचे नाव 'खाट' ठेवले आणि ते टिकले. "सर की खाट आई" अशी वर्दी आमच्या आधी शाळेच्या फाटकात पोहोचू लागली.

गंमत म्हणून आम्ही या सायकलीचा इतिहास वाचला आणि एके ठिकाणी थांबलो. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे एक कारागीर होते. त्यांनी आपल्या मुलासाठी पायडलवर चालणारी चार चाकी गाडी बनवली होती. त्या गाडीतूनच पुढे त्यांची दोन चाकांची, पाठ टेकून चालवायची सायकल निघाली. ७ जुलै १९३३ ला पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाचा सायकलपटू तिच्यावर बसला आणि एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. १९१४ पासून अबाधित असलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. फोर हा काही पहिल्या रांगेचा सायकलपटू नव्हता. त्याला साथ मिळाली ती बैठकीची. माणूस रेलून बसला की वाऱ्याला कमी आडवा येतो. पण १९३४ मध्ये जागतिक सायकल संघटनेने शर्यतीची सायकल कशाला म्हणायचे याची व्याख्याच बदलली आणि ही सायकल शर्यतीबाहेर गेली. मोशे त्याच वर्षी वारले. हे आम्ही अब्बांना वाचून दाखवले. विक्रमाचे त्यांना काही वाटले नाही. एवढेच विचारले, "बेटे के वास्ते बनाया था क्या?"

जानेवारी २०२१ पासून अडीच वर्षे आम्ही ती सायकल चालवली. ते दिवस फार सुखाचे होते. कंबर बरी झाली. मनगटांवर भार नाही, मानेला ताण नाही. रस्ता बघायला मान वर करावी लागत नाही, आपोआप समोर आभाळ असते. ट्रकवाल्यांना खालची सायकल दिसावी म्हणून मागे उंच काठीला केशरी कापड बांधले होते. रविवारी म्हैसाळच्या रस्त्याला उसाच्या फडांमधून जायचो. शाळेत तर ही सायकल म्हणजे चालती प्रयोगशाळा झाली. आम्ही विज्ञान शिकवतो. तरफेला उर्दूत 'बेरम' म्हणतात, घर्षणाला 'रगड़'. पुस्तकात वाचलेले हे शब्द मुले त्या सायकलीवर बोट ठेवून सांगू लागली. कप्पी कुठे, बेरम कुठे, रगड़ कुठे हवी आणि कुठे नको. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पाठीला टेकून जोर जास्त का लागतो?" प्रश्न मोठा खरा होता. साध्या सायकलीवर आपण वजनाने दाबतो. वजन संपले की जोर संपला, मग उठून उभे राहावे लागते. इथे पाठीला भिंत मिळते. भिंतीला पाठ लावून कपाट ढकलावे तसे पाय ढकलतात. म्हणून वजनापेक्षाही जास्त जोर लावता येतो. तिला हे समजावून सांगितले तेव्हा हाच जोर पुढे आमच्या गुडघ्यांवर येणार आहे हे कुणाला ठाऊक होते?

२०२३ च्या पावसाळ्यात पावलांना मुंग्या येऊ लागल्या. वीस मिनिटे झाली की बोटांच्या मागचा गादीसारखा भाग जळजळायचा, मग बधिर व्हायचा. या सायकलींवर ही तक्रार अनेकांना येते. पाय कमरेच्या पातळीला उचललेले असतात, रक्त तिथवर चढवावे लागते. शिवाय पाऊल सारखे पुढे रेटलेले. साध्या सायकलीवर माणूस मध्येच उभा राहून पाऊल मोकळे करतो, इथे ती सोय नाही. आम्ही हिशेब मांडला. मिनिटाला सत्तर फेरे, चाळीस मिनिटांचा रस्ता. म्हणजे शाळेत पोहोचेपर्यंत प्रत्येक पाऊल अठ्ठावीसशे वेळा त्याच जागी दाबले जात होते.

अब्बांनी आणि आम्ही उपाय सुरू केले. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आम्हीच शिकवतो. म्हणून पायडलवर रुंद लाकडी पट्टी बसवली. बुटात कडक तळ घातला. पाऊल थोडे पुढे सरकवून दाब बोटांच्या मागून पावलाच्या मध्याकडे घेतला. टाच खाली पडू नये म्हणून मागे पट्टा लावला. गुडघ्यांसाठी पायडलचा दांडा सव्वा इंच मागे घेतला. तो फार जवळ असला तर गुडघ्याची वाटी पुढून दुखते, फार लांब असला तर गुडघ्याच्या मागची शीर ओढते. क्रँक आखूड केले, गिअर हलका ठेवून भरभर फिरवायचे ठरवले. प्रत्येक उपायाने आठवडाभर बरे वाटायचे, मग पुन्हा तेच.

पण दुखणे फक्त सायकलीचे नाही हे कळले ते नमाजेत. कादाला बसताना उजवे पाऊल उभे ठेवून बोटे दुमडायची असतात, हे वाचकांना सांगायला नको. एके दिवशी फजरला ती बोटे दुमडेनात. जबरदस्तीने दुमडली तर डोळ्यांसमोर काजवे चमकले. आणि त्या दिवशी तर सायकल चालवलेली नव्हती, आदला दिवस सुट्टीचा होता. सकाळी पलंगावरून उतरले की चपलेत खडे भरल्यासारखे वाटायचे आणि ते खडे तासाभराने विरायचे. दोन्ही पायांना सारखेच. पत्नीने हे पाहिले आणि त्याच आठवड्यात आम्हाला संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी आधी रिपोर्ट मागितला नाही. पाऊल हातात घेतले आणि पुढच्या बाजूने हस्तांदोलन करावे तसे दाबले. आम्ही ओरडलो. मग त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर. निदान झाले ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्या घरांतून सगळ्याच सांधेदुखीला 'वात' म्हणतात आणि तो म्हातारपणी येतो असे धरून चालतात. हा आजार वेगळा. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तो ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो, आणि हातापायांच्या लहान सांध्यांपासून बहुधा सुरुवात करतो. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या-पाऊण तासाच्या वर टिकत असेल तर थांबू नये, कारण पहिल्या काही महिन्यांतच औषध सुरू झाले तर सांधे वाचवता येतात. एकदा हाड झिजले की ते परत येत नाही. सायकलीने हा आजार दिला नव्हता. पण आजार ज्या सांध्यांत बसला होता, नेमक्या त्याच सांध्यांवर पायडल टेकत होते.

मेथोट्रेक्झेट नावाची गोळी सुरू झाली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वाराचे नाव लिहून त्याला दोनदा गोल केला. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून घ्यायचे. तीन-चार महिन्यांत सूज उतरली. आम्ही विचारले, "सायकल?" त्यांनी बंदी घातली नाही. म्हणाले, व्यायाम हवाच. चालवून पाहा. चालवल्यानंतर दुखणे दोन तासांच्या वर टिकले तर समजा की जास्त झाले.

त्यांनी सरळ नाही म्हटले असते तर बरे झाले असते. मग दोष त्यांच्यावर टाकून मोकळे झालो असतो. आता निर्णय आमचा होता. आम्ही तीन वेळा चालवून पाहिली. एकदा पूर्ण अंतर, एकदा विश्रामबागपर्यंत, एकदा घराभोवतीच पंधरा मिनिटे. तिन्ही वेळा दुखणे इशापर्यंत राहिले. दुसऱ्या दिवशी सहा तास फळ्यासमोर उभे राहायचे होते. तेव्हा हिशेब आपोआप समोर आला. आमच्या पायांकडे दिवसाची ठरावीक ताकद आहे. पूर्वी ती मोजावी लागत नव्हती, आता लागते. ती रस्त्यावर खर्च करायची की वर्गात? ज्या मुलांचे वडील दिवसभर हमाली करतात, ज्यांना घरी अभ्यास विचारणारे कुणी नाही, त्यांच्यासमोर खुर्चीत बसून पुस्तक वाचून दाखवणारा शिक्षक आम्हाला व्हायचे नव्हते. बाकांमधून फिरल्याशिवाय कोणत्या मुलाने गणित कुठे सोडून दिले हे कळत नाही. सायकल सोडायची ठरली ती तिथे.

अब्बांना सांगणे राहिले. आठ दिवस आम्ही शब्द जुळवत होतो. पाच महिने खपून, पंच्याहत्तरीच्या हातांनी त्यांनी ती बनवली होती. शेवटी दुकानात जाऊन सांगितले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही. चाकाकडे बघतच म्हणाले, "सायकल फिर बन सकती. पैर कौन बना के देता?" थोड्या वेळाने विचारले, "बहुत दुखता क्या?" आम्ही हो म्हणालो. आमच्या आठवणीत अब्बांना आम्ही दुखते म्हणून सांगितले ते पहिल्यांदाच. आमच्या घरात दुखण्याचा उच्चार करायचा नाही, सब्र करायचा, असा रिवाज. अम्मींचे गुडघे वीस वर्षे दुखत होते हे आम्हाला त्या उठताना जमिनीला हात टेकायच्या त्यावरून कळायचे.

या सब्रबद्दल आम्ही पुष्कळ विचार केला. मशिदीत मागच्या ओळीत खुर्च्या ठेवलेल्या असतात. तिथे बहुतेक सत्तरीचे बुजुर्ग बसतात. सदतिशीचा माणूस त्यांच्यात जाऊन बसला की नजरा वळतात. पहिल्या जुम्याला आम्हाला ते फार जड गेले. एका बुजुर्गांनी सलाम फेरल्यावर विचारले, "मास्टर, आप?" आम्ही आजाराचे नाव सांगितले. ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, त्यांच्या सुनेलाही सकाळी बोटे वळत नाहीत, कामाला लागली की बरे वाटते म्हणते. आम्ही डॉक्टरांचा पत्ता दिला. पुढच्या महिन्यात तिचेही औषध सुरू झाले. ज्या दुखण्यावर इलाज आहे ते लपवणे म्हणजे सब्र नव्हे, असे आम्हाला वाटते. इलाज करूनही जे उरते त्याच्यासोबत कुरकुर न करता दिवस काढणे, सब्र तिथून सुरू होतो.

सायकल अब्बांनी स्वतःच उकलली. मागचे चाक शाळेच्या एका मुलाच्या सायकलीला बसले. कप्पी आणि चेनचा एक तुकडा आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, सातवीच्या धड्याला बाहेर निघतो. ॲटलसचा पाइप चाचांनी परत नेला. नवारीची सीट मात्र अब्बांनी ठेवून घेतली, तिला खाली चार पाय लावले आणि दुकानात गिऱ्हाइकांसाठी मांडली. गिऱ्हाईक नसले की स्वतःच तिच्यावर रेलतात.

आम्ही आता बसने जातो. सकाळी स्टॉपपर्यंत दहा मिनिटे मऊ तळाच्या बुटातून चालणे होते, तेवढे पायांना मानवते. बसच्या खिडकीतून तोच रस्ता दिसतो. कधी कधी एखादा पोरगा उभे राहून पायडल मारत बसशी शर्यत लावतो. अशा वेळी आमचे गुडघे आपोआप हलतात, हे खरे आहे. मग शाळा येते, घंटा होते, आणि आम्ही बाकांमधून फिरायला लागतो. मागच्या बाकापर्यंत जाऊन परत फळ्याकडे येतो. अजून येता येते.